‘गरज नव्हती’ हे कोणी ठरवायचे?

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. कायदा दिल्लीत झाला, पण त्याची मशागत महाराष्ट्रात बरीच आधी सुरू झाली होती. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत तोवर चांगली रुजली होती. पुढे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिली जाणारी वैद्यकीय सेवाही या कायद्याच्या कक्षेत आणली. त्या दिवशी ठिकठिकाणी वजनमापे, भेसळ, ऑनलाइन फसवणूक यांवर व्याख्याने होतात आणि ती व्हायलाच हवीत. आम्हाला मात्र अशा ग्राहकाविषयी लिहायचे आहे, ज्याच्या अंगात भांडण्याचे त्राणही नसते. तो रुग्णालयाच्या खाटेवर आहे, वर्षानुवर्षे हप्ते भरलेली आरोग्य विम्याची पॉलिसी त्याच्या मुलाच्या हातातल्या फाइलमध्ये आहे आणि विमा कंपनीकडून निरोप आला आहे की या उपचाराची वैद्यकीय गरज दिसून येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. हप्ता हलका झाल्याने आणखी कुटुंबे विम्याकडे वळतील, हे चांगलेच आहे. पण पॉलिसी घेताना आपण जे विकत घेतो ते कागदावरचे वचन असते आणि ते पाळले जाते की नाही, हे दाव्याच्या दिवशीच कळते. विमा नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ‘इर्डाई’चा २०२३-२४ चा वार्षिक अहवाल सांगतो की, त्या वर्षी आरोग्य विमा कंपन्यांसमोर सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे दावे होते आणि त्यातली सुमारे ७१ टक्के रक्कम दिली गेली. उरलेल्या रकमेत काही दावे प्रलंबित, काही कापलेले, काही पूर्ण नाकारलेले. नाकारण्याची कारणे अनेक असतात. प्रतीक्षा काळ संपलेला नसतो, जुना आजार लपवलेला असतो, कागद अपुरे असतात. ही कारणे तपासता येतात. तारीख बघितली, कागद बघितला की खरेखोटे कळते. ‘वैद्यकीय गरज नव्हती’ हे कारण तसे नाही. तो एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या शरीराबद्दल दिलेला निवाडा असतो.

या निवाड्यासाठी नियम नाहीत असे कोणी समजू नये. इर्डाईने सगळ्या कंपन्यांसाठी एकच व्याख्या ठरवून दिली आहे आणि ती प्रत्येक पॉलिसीच्या पुस्तिकेत छापलेली असते. उपचार, तपासणी, औषध किंवा रुग्णालयातला मुक्काम हा त्या आजाराच्या उपचारासाठी आवश्यक असावा. सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला जेवढे लागते त्याहून जास्त त्याची व्याप्ती, कालावधी किंवा तीव्रता नसावी. तो डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा. आणि आंतरराष्ट्रीय वैद्यक व्यवहारात किंवा भारतातल्या वैद्यक वर्तुळात सर्वमान्य असलेल्या दर्जाला धरून असावा. व्याख्या वाईट नाही, किंबहुना बऱ्यापैकी समजूतदार आहे. आमचा आक्षेप ती कोण वापरतो, कशाच्या आधारे वापरतो आणि कोणाला उत्तर देतो, याला आहे.

पहिला घोळ नियोजित शस्त्रक्रियांचा. आधी तारीख ठरवून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे टाळता आली असती अशी शस्त्रक्रिया, असा समज रुग्णांच्या नातेवाइकांतही आहे आणि दाव्यांवरच्या शेऱ्यांतूनही तो डोकावतो. वास्तविक अपघात, हृदयविकाराचा झटका, फुटायला आलेले अपेंडिक्स अशा तातडीच्या गोष्टी सोडल्या, तर बहुतेक शस्त्रक्रिया तारीख घेऊनच होतात. कर्करोगाची गाठ काढायची तारीख ठरवतात, झडप बदलायची तारीख ठरवतात, झिजलेल्या गुडघ्याची तर महिनोन्महिने आधी ठरते. तारीख निवडता येणे आणि उपचार ऐच्छिक असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोतीबिंदू महिनाभर थांबू शकतो, पण त्या महिन्यात तो माणूस जिना उतरताना पडूही शकतो.

खरा वाद उघडपणे गरजेचे आणि निव्वळ सौंदर्यासाठीचे या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात होतो. नाकाचे हाड वाकडे असल्यामुळे श्वास कोंडतो, सायनस वारंवार भरतात, म्हणून आतला पडदा सरळ केला तर तो उपचार. त्याच वेळी बाहेरून नाकाचा आकार सुधारला तर ते सौंदर्यासाठी. टेबल तेच, भूल तीच. कंपनी मग सीटी स्कॅन मागते, दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचा अहवाल मागते. पापणी खाली झुकून बुबुळावर आली तर वरच्या बाजूचे दिसत नाही. दृष्टिक्षेत्राची तपासणी केली की किती भाग झाकला गेला ते आलेखावर दिसते. तो आलेख आणि चेहऱ्याचा सरळ समोरून घेतलेला फोटो फाइलमध्ये असेल तर दावा बहुधा निघतो. नसेल तर ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ असा शेरा बसतो. प्रमाणित नियमांत सौंदर्यशस्त्रक्रियेला वगळताना अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र राखून ठेवली आहे. तसेच आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती लागत असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केले असेल, तरीही ती मान्य आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करून घेणाऱ्या बाईला ‘हे सौंदर्यासाठी आहे’ असे कोणी सांगत असेल, तर तो नियम न वाचताच बोलत आहे.

काही ठिकाणी नियमाने आकडाच ठरवून टाकला आहे. चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबराला मिळत नाही. सव्वासातचा नंबर असलेला बाहेर, साडेसातचा आत. आकड्याचा एक फायदा आहे. वाद घालायला जागा उरत नाही, आणि आपण कुठे आहोत हे ग्राहकाला आधीच कळते. पण आकडा जुना झाला की तोच अन्याय करू लागतो. स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घ्या. तिथे अट अशी की, बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा ३५ असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, औषधांना दाद न देणारा मधुमेह असे गंभीर दुखणे हवे. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईच्या बाबतीत ४० म्हणजे साधारण १०२ किलो आणि ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. ८० किलो वजन, इन्सुलिन घेऊनही न उतरणारी साखर, रात्री श्वास अडकून जाग येणे अशी अवस्था असलेली बाई नियमाप्रमाणे बाहेर राहते.

हे ४० आणि ३५ आले कुठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली तज्ज्ञांना बोलावून केलेल्या एकमताच्या निवेदनातून. तेव्हा ही शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे आणि डोळ्यांसमोरचे रुग्ण प्रामुख्याने पाश्चात्त्य होते. २०२२ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय स्थूलता-शस्त्रक्रिया संघटनांनी मिळून हे निकष बदलले. ३५ च्या पुढे दुसरा कोणताही आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस करावी. टाइप टू मधुमेह असेल तर ३० पासून. आणि आशियाई लोकांमध्ये कमी वजनालाच चयापचयाचे आजार जडतात, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनच हा पर्याय खुला असावा, असे त्यांनी म्हटले. आता पॉलिसीची पुस्तिका उघडून दोन पाने शेजारी ठेवा. एका पानावर लिहिले आहे, उपचार आजच्या सर्वमान्य वैद्यकीय दर्जाला धरून असावा. दुसऱ्या पानावर १९९१ सालचा आकडा छापला आहे. दावा आला की दुसरे पान जिंकते. मधुमेहाने पोखरलेल्या आपल्या देशात हा आकडा अजून का बदलला नाही, याचे उत्तर नियामकाने द्यायला हवे.

अर्थात वगळलेल्या उपचारांची यादी निदान छापील असते. त्याहून जास्त मनस्ताप देतात ते तापाचे, पाठदुखीचे, चक्कर येण्याचे दावे. डेंग्यूचा रुग्ण, प्लेटलेट्स उतरलेल्या, उलट्या होत आहेत, डॉक्टर म्हणाले दोन दिवस ठेवू. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स वर आल्या, माणूस घरी गेला. महिन्याभराने पत्र येते, ‘रुग्णाची स्थिती स्थिर होती, बाह्यरुग्ण विभागात उपचार शक्य होते.’ ज्या रात्री त्याला दाखल केले, त्या रात्री तो उद्या सुधारणार की खालावणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. परिणाम चांगला झाला म्हणून काळजी घेणेच अनावश्यक ठरवायचे, हा कुठला न्याय? दाखल करताना डॉक्टरांना जे दिसत होते, तेवढ्यावरच तो निर्णय जोखला पाहिजे.

हे घडते कसे ते पाहायचे असेल, तर कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या टीपीए डेस्कसमोर दुपारी तासभर उभे राहावे. टीपीए म्हणजे कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये बसून दाव्यांची कागदपत्रे हाताळणारी संस्था. डेस्कवरची मुलगी पूर्वमंजुरीचा अर्ज भरते. निदान, शस्त्रक्रियेचे नाव, अंदाजे खर्च, किती दिवसांपासून त्रास. ती त्या रकान्यात ‘तीन महिने’ लिहिते की ‘तीन वर्षे’, यावर पुढचे सगळे ठरू शकते आणि ते लिहिताना रुग्णाला कोणी विचारलेले असेलच असे नाही. पलीकडे एक डॉक्टर पडद्यावर ती फाइल वाचतो. त्याने रुग्ण पाहिलेला नाही, त्याचे पोट हाताने दाबून पाहिलेले नाही आणि तो त्या विषयातला तज्ज्ञ असेलच याची खात्री नाही. शंका आली की क्वेरी येते. आधीचे उपचार कुठे घेतले, त्यांचे कागद पाठवा. औषधांनी गुण आला नाही याचा पुरावा द्या. नातेवाईक गावाकडे फोन लावतात, जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो मागवतात. एक क्वेरी सुटली की दुसरी. शेवटी संदेश येतो की कॅशलेस मंजूर करता येत नाही, आणि त्याखाली ठरलेली ओळ असते, ‘कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे, आपण नंतर प्रतिपूर्तीसाठी अर्ज करू शकता.’ कायद्याच्या दृष्टीने ही ओळ बरोबर असेल. पण उद्या सकाळी सातला शस्त्रक्रिया असलेल्या आणि घरात चार लाख रुपये नसलेल्या कुटुंबासाठी तो नकारच असतो.

तपासणी नकोच, डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने द्या, असे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राला तरी तसे म्हणता येणार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे सर्वेक्षण आले, त्यात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढून टाकायची. मुकादमाकडून उचल घेऊन, फडावरच्या मजुरीतून ती फेडत बायकांनी हे पैसे भरले. तिथे कोणी ‘याची गरज आहे का’ असे विचारणारा असता, तर हजारो बायका वाचल्या असत्या. पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. अहमदाबादची घटना तर त्यानंतरची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात शिबिर घेतले, १९ गावकऱ्यांना शहरात आणून त्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट बसवले आणि त्यातले दोघे दगावले. पैसे सरकारी आरोग्य योजनेतून येणार होते.

म्हणून दुसरी नजर हवीच. बीडमध्ये जो उपाय केला, त्यात आणि विमा कंपनीच्या तपासणीत मात्र एक मोठा फरक आहे. जिल्हा शल्यचिकित्सकाने परवानगी दिली काय, नाकारली काय, त्याच्या कार्यालयाचा एक रुपया वाचत नाही की वाढत नाही. विमा कंपनीने ‘गरज नाही’ म्हटले की तिचे पैसे वाचतात, रुग्णालयाने ‘गरज आहे’ म्हटले की त्याचे बिल होते. दोन्ही बाजूंचा पैसा त्या एका शब्दात अडकलेला असताना, ज्याचे शरीर आहे त्याला मधल्या मध्ये तिसऱ्या पक्षासारखे वागवले जाते. गरजेचा निकाल या दोघांपैकी एकाच्याच हाती असणे हे आमच्या मते या व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये दिलेला एक निकाल इथे आठवतो. केंद्र सरकारच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला दिल्लीच्या खासगी रुग्णालयात हृदयाची लय सांभाळणारे सीआरटी-डी नावाचे यंत्र बसवावे लागले होते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेने (सीजीएचएस) खर्च नाकारला. पूर्वपरवानगी नव्हती आणि तज्ज्ञ समितीच्या मते त्या यंत्राची गरजही नव्हती. न्यायालयाने हे मान्य केले नाही. उपचार कसा करायचा हे ठरवण्याचा अधिकार अखेर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे, रुग्णाला किंवा नातेवाइकांना त्यात फारसा वाव नसतो. उपचार खरोखर घेतला का आणि त्याची नोंद डॉक्टरांनी, रुग्णालयाने प्रमाणित केली आहे का, एवढे तपासावे, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल सरकारी योजनेबद्दलचा आहे, पॉलिसीच्या कराराबद्दलचा नाही, हे खरे. पण नातेवाइकाची अवस्था दोन्हीकडे सारखीच असते. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने डॉक्टरांशी यंत्राच्या गरजेवर वाद घालावा, अशी अपेक्षा कोणीच करू शकत नाही. त्यामुळे तो वाद हरल्याचा भुर्दंडही त्याच्यावर पडू नये. रुग्णालयाने खरोखरच अनावश्यक उपचार केला असेल, तर कंपनीने रुग्णालयाशी भांडावे, त्याला आपल्या यादीतून काढावे, वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. रुग्णाचे पैसे अडवणे हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग आहे, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा निवडला जातो.

इर्डाईने २९ मे २०२४ रोजी काढलेले परिपत्रक या दिशेने बरेच पुढे गेले आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आणि त्याहून उशीर झाल्याने रुग्णालयाने जास्तीचे बिल लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. तीन सदस्यांच्या दावा परीक्षण समितीच्या मान्यतेशिवाय कोणताही दावा नाकारायचा नाही. आणि नाकारला किंवा कापला तर पॉलिसीतले नेमके कोणते कलम लागू केले ते कळवायचे. पण घड्याळ लावून चांगला निर्णय मिळतोच असे नाही. तासाभरात आलेला नकारही नकारच असतो. समितीच्या मान्यतेची अट दाव्याला आहे. ‘कॅशलेस नाही, पण दावा खुला आहे’ या वाक्याच्या आडोशाने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा नकार त्या अटीतून निसटतो. आणि कलमाचा क्रमांक कळवणे म्हणजे कारण देणे नव्हे. कोणत्या तपासणीतल्या कोणत्या निष्कर्षावरून गरज नाही असे वाटले, हे त्या पत्रात क्वचितच सापडते.

आमची मागणी साधी आहे. वैद्यकीय गरजेच्या कारणावरून दिलेल्या प्रत्येक नकारावर, मग तो कॅशलेसचा असो वा दाव्याचा, तो देणाऱ्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. औषधाच्या साध्या चिठ्ठीवर जो क्रमांक लागतो, तो चार लाखांची शस्त्रक्रिया अनावश्यक ठरवणाऱ्या कागदावर का नको? तो डॉक्टर त्या शाखेचा तज्ज्ञ असावा आणि नकार देण्याआधी त्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर तरी बोलावे. दोघांचे जुळले नाही, तर कंपनी आणि रुग्णालय दोघांशीही संबंध नसलेल्या तिसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि ते कंपनीवर बंधनकारक असावे. वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापक हे काम करू शकतील. या एका कारणावरून कोणत्या कंपनीने किती दावे नाकारले आणि त्यातले किती नकार विमा लोकपालांकडे उलटले, हा आकडा दरवर्षी कंपनीच्या नावानिशी जाहीर व्हावा. पॉलिसी घेताना ग्राहकाला हप्त्यांची तुलना करता येते, तशी नकारांचीही करता आली पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एवढेच सांगणे. शस्त्रक्रिया ठरत असेल तर डॉक्टरांकडून एक पानाचे पत्र आधीच घेऊन ठेवा. आजार काय, आधी कोणते उपचार किती दिवस केले, त्यांनी गुण का आला नाही आणि ही शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे त्यात स्पष्ट असावे. पूर्वमंजुरीच्या अर्जाची प्रत मागा आणि त्यात लिहिलेला कालावधी वाचून पाहा. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका, कलमासह लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. अर्जाला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांनी दिलेला निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो.